तोंडाने खाणारी बंदूक

उपेंद्र वाघधरेने आयुष्यात पालीखेरीज कुणाशी वैर धरलं नव्हतं, आणि त्या वैरातही आजवर पालच जिंकत आली होती. अबुधाबीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये पाल निघाली, की बायको हेमा झाडू घेऊन पुढे होई आणि उपेंद्र मागे उभा राहून सूचना करी. सूचना चांगल्या असत. असा माणूस बंदुकीच्या भानगडीत पडला तो निव्वळ आडनावापायी.

त्याच्या कंपनीचे मालक खलफान. त्यांना सगळे अरबाब म्हणत. अरबाब मूळचे खोर फक्कानचे, पण सरकारी कंत्राटं सगळी अबुधाबीत, त्यामुळे आठवड्याचे बहुतेक दिवस त्यांचा मुक्काम इथे. उपेंद्र त्यांच्या टेंडर विभागात होता. कंत्राटातलं कलम फिरवून फिरवून वाचावं आणि समोरच्याला त्यातच अडकवावं, ही त्याची विद्या. 'काम समाधानकारक झाल्यावर' एवढ्याशा शब्दांवर त्याने एका सिमेंटवाल्याला वर्षभर झुलवलं होतं. समाधान कुणाचं, हे कलमात नव्हतं.

सन दोन हजारातली गोष्ट. चहाच्या वेळी अरबाबांनी सहज विचारलं, "उपेंद्र, ये वाघधरे का मतलब क्या?"

'आडनाव आहे, मतलब काही नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण शेजारी कंपनीचा सल्लागार इंजिनियर प्लंकेट बसला होता, आणि त्या गोऱ्याने नुकतंच आपल्या खापरपणजोबांनी कुठल्याशा लढाईत काय मर्दुमकी गाजवली ते साग्रसंगीत सांगितलं होतं. उपेंद्रच्या अंगात अख्खं कोकण संचारलं.

"वाघ मतलब टायगर. धरे मतलब पकडा. हमारा पूर्वज लोग हाथ से टायगर पकडता था."

"और तुम?"

इथे माणसाने चहाचा घोट घ्यायचा असतो. उपेंद्रने घेतला नाही. "मैं टायगर नहीं, अरबाब. सिर्फ जंगली सूअर. ठासणी की बंदूक से."

सुअराचं नाव ऐकून अरबाबांनी नाक मुरडलं. बंदुकीचं ऐकून मात्र ते पुढे सरकले.

रानडुकराची ती गोष्ट वाघधऱ्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मे महिन्याची सुट्टी, आजोळ, पहाटेची वेळ, मामाची ठासणीची बंदूक, समोरून धावत येणारं डुक्कर आणि लहानग्या उपेंद्रचा एकच बार. सांगताना दरवेळी डुक्कर जरासं वाढे. लेक अस्मी लहान होती तेव्हा ती गोष्ट ऐकल्याशिवाय जेवायची नाही. आता ती तेरा वर्षांची झाली होती आणि जेवता जेवता म्हणायची, "बाबा, लास्ट टाइम इट वॉज अ स्मॉलर पिग." गेल्या वर्षभरात तर तिने बापाचं काही खरं मानणंच सोडलं होतं. बाहेर ऊन आहे असं उपेंद्रने म्हटलं तरी ती खिडकीतून बघून घेई. आणि तेही अबुधाबीत! हे त्याच्या इतकं जिव्हारी लागलं होतं, की टेंडर हातचं गेलं तरी तितकं लागलं नसतं.

आणि अरबाबांनी आमंत्रण दिलं ते नेमकं याच दिवसांत. दर हिवाळ्यात खोर फक्कानजवळ, डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या मळ्यावर जुन्या हत्यारांची शिकार भरत असे. शिकार नावापुरतीच. खऱ्या जनावराला हात लावायची कायद्याने बंदी, म्हणून लाकडी ससे उभे करायचे. पण हत्यार मात्र बापजाद्यांच्या काळातलं हवं. कुठलं हत्यार जुनं आणि कुठलं नाही, हे अरबाबांचे वृद्ध काका सालेम ठरवत, आणि त्यांचा नियम अरबीत होता. ऑफिसातल्या कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं होतं, ते असं: हत्यार तोंडाने खाणारे असावे. त्याच्या पोटात पितळ नसावे. त्याने एकच शब्द बोलावा.

"बघ, काय नियम आहे!" उपेंद्र घरी येऊन हेमाला म्हणाला. "तोंडाने खायचं म्हणजे नळीच्या तोंडातून ठासायचं. पोटात पितळ नको म्हणजे काडतूस नको. एकच शब्द म्हणजे एकच बार. आमच्या टेंडरात असं एक कलम सापडायचं नाही."

"अहो, पण तुम्हाला आता बंदूक चालवता येईल का?"

"हेमा, पोहणं, सायकल आणि बंदूक. एकदा आलं की जात नाही."

"तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"ते वेगळं."

अस्मीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, आय'ल कम. यू हिट वन वुडन रॅबिट, अँड आय'ल बिलीव्ह द पिग. डील?"

"डील," उपेंद्र म्हणाला.

मामाची बंदूक मामाबरोबरच कधीची पंचत्वात विलीन झाली होती. मग शारजाच्या जुन्या बाजारात एका दुकानात उपेंद्रला एक सापडली. एक नळी, एक घोडा, खाली खोचलेली ठासणी. दुकानदार म्हणाला, हिंदुस्तानच्या बादशहाची आहे. कुठल्या, ते त्याने गिऱ्हाइकावर सोडलं होतं. उपेंद्रने वांगं बघावं तशी ती उलटीपालटी करून बघितली, सहाशे दिरहम दिले आणि मोटारीत हेमाच्या मांडीवर ठेवली.

"म्हणजे सात हजार रुपयांच्या वर!" हेमा म्हणाली. "एवढ्यात मिक्सर आणि इस्त्री आली असती. आणि तीही चालणारी."

घरात बंदूक आल्याची वार्ता लिफ्टच्या आधी वर पोचली. वरच्या मजल्यावर रामचंद्र पेठे राहत. ते बँकेत होते, आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही कायद्यावर त्यांचं मत असे.

"वाघधरे, हा परदेश आहे," पेठे सोफ्यावर बसत म्हणाले. "घरात हत्यार आणि पोलिसांना खबर नाही, तर सरळ विमानात बसवून देतील. आधी कळवून टाका. अरबीत. लेखी."

समोरच्या दारातल्या हैदराबादच्या जहांआराबी चहाच्या कपासह आल्या होत्या. त्यांचं मत अगदी वेगळं होतं. "अजी भाईसाब, पोलिस को काइको बोलना? नक्को. उस पे चादर डालो, ऊपर गुलदान रख दो, कोई पूछे तो बोलो इष्टूल है."

आयुष्यात माणसासमोर दोन सल्ले येतात. एक शहाणा आणि एक रुबाबदार. उपेंद्र पेठ्यांचं ऐकून टायपिंग सेंटरला गेला.

तिथे कुंजुमोन नावाचा मलयाळी टायपिस्ट होता. त्याची अरबी कलेक्टरसारखी आणि हिंदी कामापुरती. उपेंद्रची हिंदी तर अस्सल मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. आता मराठी माणूस बंदुकीच्या बत्तीच्या भोकाला कान म्हणतो आणि तिच्या दारूला दारूच. हिंदीत तिला बारूद म्हणतात हे उपेंद्रला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते त्याला घरी गेल्यावर आठवायचं होतं.

"लिखो," उपेंद्र म्हणाला. "पुरानी चीज है. घर में रखने का परमिशन मंगता है. एक घोडा है."

कुंजुमोनने मान वर केली. "घोडा?"

"घोडा. एकही है. किसी किसी को दो रहता है."

"शेरी, सार." शेरी म्हणजे बरं.

"उसका मुंह से दारू भरने का. ठूंस ठूंस के."

"दारू?"

"अरे, बिना दारू के चलेगा कैसे? फिर ऊपर से लंबा डंडा डालने का और जोर से दबाने का."

कुंजुमोनची बोटं क्षणभर थबकली. पण तो पंधरा वर्षं लोकांचे अर्ज टंकत होता. कुणाला मेलेल्या भावाचा व्हिसा वाढवून हवा असे, तर कुणाला बायकोचं वय कमी करून. माणसाचं नवल वाटणं त्याने कधीच सोडलं होतं. "शेरी, सार. फिर?"

"फिर पीछे कान में थोडा आग लगाने का. एक बार धडाम उडेगा. खलास."

कुंजुमोनने छापलेला कागद हातात ठेवला. वळणदार अक्षरं, खाली सहीला जागा. उपेंद्रला अरबी वाचता येत नव्हतं, पण कागद इतका देखणा होता, की त्याने सही करून वर अरबाबांच्या कंपनीचा शिक्काही मारून घेतला.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्याच्या टेबलावर एका पांढऱ्याशुभ्र घोड्याचा फोटो होता. घरचा असावा, कारण शेजारी उभं राहून तो स्वतः हसत होता. अर्ज वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. त्याने तो पुन्हा वाचला. मग फोटोकडे बघितलं आणि मग उपेंद्रकडे.

"तुम्हारे पास घोड़ा है?"

"जी सर. एक."

"तुम उसको शराब पिलाता है? मुंह से?"

उपेंद्रला वाटलं, अरबी लोक बंदुकीच्या दारूला शराब म्हणत असावेत. माणूस ज्या देशात राहतो तिथल्या भाषेला त्याने मान द्यावा. "जी सर. जास्ती नहीं. नाप के."

"और फिर डंडा डालता है?"

"दबाने के लिए, सर. नहीं तो अंदर ढीला रहता."

"कान में आग लगाता है?"

"कान में ही, सर. और कहाँ लगाएगा?"

अधिकारी उठून उभा राहिला. पलीकडच्या टेबलावरचे दोघेही उठले. "घोड़ा अभी किधर है?"

"घर में, सर. तीसरा माला. पलंग के नीचे."

अधिकारी परत खाली बसला. मग त्याने फोन उचलला.

तासाभरात वाघधऱ्यांच्या दारात दोन पोलीस, तो अधिकारी आणि पिशवी घेतलेले जनावरांचे डॉक्टर असा लवाजमा उभा होता. इमारतीचा वॉचमन जिन्यावरून ओरडत सुटला, "वाघधरे साब का घोड़ा पकड़ा गया!" त्यासरशी चार मजल्यांची दारं उघडली. पेठे पायजम्यात खाली धावले आणि म्हणाले, "मी फक्त अर्ज करा म्हटलं होतं. घोड्याशी माझा संबंध नाही."

डॉक्टरांनी जपून पलंगाखाली वाकून बघितलं. बॅटरी मागितली. पुन्हा बघितलं. मग हात घालून बंदूक बाहेर काढली.

"घोडा," उपेंद्र पुढे होऊन म्हणाला आणि खटका मागे ओढून दाखवला. टक्.

अधिकारी आधी त्या खटक्याकडे, मग उपेंद्रच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग तो पलंगावर बसला आणि इतका हसला, की हेमाला त्याला पाणी आणून द्यावं लागलं. डॉक्टरांनी मात्र आपलं काम चोख केलं. त्यांनी दोन बोटांनी तो खटका चाचपला आणि गंभीरपणे सांगितलं, "तबियत ठीक है."

सगळी इमारत हसत होती. जहांआराबी तर भिंत धरून हसत होत्या. आणि दाराशी दप्तरासकट उभी असलेली अस्मी कपाळाला हात लावून म्हणत होती, "ओ माय गॉड, बाबा. अंडर द बेड!" उपेंद्रला वाटलं, आपल्याला तरी कुणी त्या पलंगाखाली ढकलावं.

हसून हलका झालेला अधिकारी भला निघाला. त्याने सांगितलं, वस्तू एकतर हत्यार असते, नाहीतर सजावट. हत्यार असेल तर तुमच्यासारख्याला ते ठेवता येत नाही. सजावट असेल तर खुशाल ठेवा, कुठेही न्या. फक्त तिचं तोंड वेल्डिंग करून बंद पाहिजे. "मुंह बंद, मसला खलास."

विमानात बसायची तयारी मनातल्या मनात झालेल्या उपेंद्रला ती अट देववाणी वाटली. दुसऱ्याच दिवशी त्याने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन नळीचं तोंड असं झाळून घेतलं, की आत मुंगी शिरली नसती. वर घासून पॉलिश. अधिकाऱ्याने बोट फिरवून बघितलं आणि 'सजावटीची वस्तू' असा शिक्का मारला. पेठ्यांनी हात मिळवून अभिनंदन केलं आणि हे सगळं आपल्या सल्ल्याने झालं, हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी उपेंद्रची टोयोटा खोर फक्कानच्या वाटेला लागली. मागच्या सीटवर बंदूक आणि अस्मी, पुढे हेमा आणि थालीपिठांचा डबा. मसाफी गावानंतर डोंगर सुरू झाले. उपेंद्र खुशीत होता. अरबाब दारूचा, म्हणजे बारुदाचा, आणि गोळ्यांचा बंदोबस्त मळ्यावर करणार होते. आता फक्त ससा.

मागे अस्मी तो नियमाचा कागद वाचत होती. "बाबा," ती म्हणाली, "इट सेज द वेपन मस्ट ईट फ्रॉम द माउथ."

"हो. तेच तर म्हणतो मी. काय भाषा आहे!"

"बट बाबा, यू क्लोज्ड इट्स माउथ."

मोटार जरा डावीकडे गेली. मग उजवीकडे आली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या कलमांतली भोकं शोधली, त्याने स्वतःचं एकुलतं एक भोक स्वतःच्या हाताने बुजवून वर पॉलिश करून घेतलं होतं.

"अहो," हेमा हलकेच म्हणाली, "परत फिरायचं का?"

"वाघधरे परत फिरत नाहीत," उपेंद्र म्हणाला. खरं तर तो केव्हाच फिरला असता. पण त्या घाटात पुढे कितीतरी अंतर मोटार वळवायला जागाच नव्हती.

मळ्यावर जत्रेसारखी गर्दी होती. खजुराच्या झाडांपलीकडे उघड्या माळावर लाकडी ससे रांगेने उभे होते. तंबूसमोर गालिच्यावर सालेमकाका बसले होते. तरुणपणी ते गलबतावरून मुंबईला जात-येत असत, त्यामुळे त्यांची हिंदी उपेंद्रच्या हिंदीची सख्खी बहीण होती. हत्यार तपासायची त्यांची पद्धत एकच. ते हत्याराच्या तोंडात बोट घालत.

डोंगरातल्या एका म्हाताऱ्याने वातीची बंदूक आणली होती. बोट आत गेलं. "खाता है," काका म्हणाले. पास. दुसऱ्या एकाने शंभर वर्षांपूर्वीची रायफल आणली होती, पण ती काडतुसाची. "पेट में पीतल. नापास." तो म्हणाला, ही माझ्या आजोबांची आहे. काका म्हणाले, "आजोबा को मेरा सलाम बोलो. नापास."

मग प्लंकेट आला. टोपी, चामडी बूट, आणि विलायतेहून परवान्यासकट आणवलेली झगझगीत ठासणीची बंदूक. जुन्या नमुन्याबरहुकूम नवीन बनवलेली. बोट आत गेलं. प्लंकेट हसला. काकांनी बंदूक उलटी केली आणि घोड्याखाली बसवलेली चिमुकली टोपी नखाने काढली. तिच्यावर खटका आपटला की ठिणगी पडायची. "ये क्या है?"

"कॅप."

"पीतल का?"

"पितळेची, पण ती पोटात नाही! बाहेर आहे, पाठीवर!" प्लंकेट लालबुंद होऊन वळला. "उपेंद्र, तू कलमवाला माणूस. सांग यांना!"

कलम प्लंकेटच्या बाजूचं होतं, हे उपेंद्रला दिसत होतं. पण त्या घडीला त्याला स्वतःच्या बंदुकीपलीकडे काही सुचत नव्हतं. काकांनी टोपी वाळूत टाकली. "पीठ हो या पेट, पीतल पीतल है. नापास. यल्ला, दूसरा."

दुसरा म्हणजे उपेंद्र. अरबाब उठून अभिमानाने म्हणाले, "अम्मी, ये मेरा टायगरवाला आदमी." अम्मी म्हणजे अरबीत काका. जमलेले सगळे जवळ सरकले.

काकांनी बोट पुढे केलं. बोट थांबलं. त्यांनी नळी उन्हात धरून डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला. "इसका मुंह तो बंद है. रोजा रखा क्या?"

असा हशा पिकला, की खजुरावरची पाखरं उडाली. प्लंकेटने तर आपलं दुःख विसरून गुडघ्यावर थापा मारल्या. अरबाबांनी मान खाली घातली. उपेंद्रला ते सगळं सोसलं असतं. पण अस्मी हसत नव्हती. ती बुटाच्या टोकाने वाळू उकरत उभी होती, आणि हे असंच होणार हे तिला आधीपासून ठाऊक असल्यासारखा तिचा चेहरा होता. तो चेहरा त्याला सोसला नाही.

"एक मिनिट, चाचा," उपेंद्र म्हणाला. त्याचा ऑफिसातला आवाज लागला होता. "कायदा में हत्यार लिखा है. बंदूक लिखा है क्या?"

काकांनी दाढी कुरवाळली. "नहीं. हत्यार."

"मुंह चाहिए. किधर चाहिए, लिखा है?"

"नहीं लिखा."

"पीतल मेरे पास है? देखो. सब लोहा."

"नहीं है. पर ये खाएगा कैसे, बोलेगा कैसे?"

हे उपेंद्रलाही माहीत नव्हतं. टेंडरातही तो आधी मुद्दा मांडी आणि पुरावा मागून शोधी. शोधता शोधता त्याची नजर तंबूपाशी गेली. तिथे ससे ठोकून उरलेल्या लाकडी मेखा पडल्या होत्या. वीतभर लांब आणि दोन्ही टोकांना तासलेल्या.

पुढचं त्याने ठरवून केलं नाही. ते त्याच्या हातांनी केलं. टाचेने माळावर एक गल्ली, म्हणजे लांबट खळगी, खणली. "ये मुंह," तो म्हणाला. त्या गल्लीवर मेख तिरकी ठेवली, एक टोक हवेत. "ये खाना. देखो, खा लिया." मग सफारी सूटच्या बाह्या सारल्या, बादशहाची बंदूक दस्त्याकडून दांडूसारखी धरली, वाकला, आणि नळीने विटीच्या टोकाला हलकेच टिचकी दिली. विटी गरगरत छातीएवढी वर आली. मामाच्या अंगणात ज्या हाताने त्याने उभी उन्हाळी सुट्टी घालवली होती, तो हात फिरला.

टण्ण!

लोखंडावर लाकूड असं बोललं, की डोंगरातून त्याचा पडसाद आला. विटी सूं करत गेली, आणि चाळीसेक पावलांवरच्या, रांगेतल्या अगदी शेवटच्या सशाचं मुंडकं कानांसकट उडालं.

सगळ्या माना त्या सशाकडे वळल्या.

"बाबा," अस्मी त्याच्या कानाशी कुजबुजली, "यू वर एमिंग ॲट द मिडल वन."

"चूप," उपेंद्र ओठ न हलवता म्हणाला आणि लोकांकडे बघून त्याने हात वर केला.

सालेमकाका गालिच्यावरून उठले. त्यांनी दोन तरुणांचा हात झिडकारला आणि स्वतः चालत त्या गल्लीपाशी आले. गुडघ्यावर बसून त्यांनी ती बघितली. मग मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे पोरासारखे चमकत होते. "ये तो हम खेलता था! समुंदर के किनारे. खजूर की लकड़ी से. मेरा भाई मेरा दांत तोड़ दिया था इससे." आणि त्यांनी तोंड उघडून ती जागा सगळ्यांना दाखवली.

"पण ही बंदूकच नाही!" प्लंकेट ओरडला.

"बराबर," काका म्हणाले. "तेरा तरीका डेढ़ सौ साल पुराना. वो वातीवाला का चार सौ. इसका जब का है तब बारूद किसी ने देखा नहीं था. मुंह से खाया, पीतल नहीं, एक शब्द बोला. इससे पुराना कौन लाया? कोई नहीं. पहला नंबर."

अशा रीतीने जमलेल्या सगळ्यांत सर्वांत मागासलेला म्हणून उपेंद्र वाघधरेचा पहिला नंबर आला. माणसाला आयुष्यात मान कुठून मिळेल सांगता येत नाही. अरबाबांनी त्याला मिठी मारली आणि "हबीबी, टायगर!" म्हणत पाठीवर अशी थाप दिली, की त्याच्या खिशातला चष्मा बाहेर आला. बक्षीस म्हणून कॉफीची सुरेख सुरई मिळाली. ती पितळेची होती, पण बक्षिसाबद्दल नियमात काही नव्हतं.

त्यानंतर त्या दिवशी माळावर एकही बार झाला नाही. काकांनी बंदूक मागून घेतली आणि पहिला फटका हवेत मारला. दुसराही हवेत. "हवा है," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन संधी घेतल्या, कारण नियम त्यांचेच होते. प्लंकेटने विटी सोडून स्वतःची नडगी फोडली आणि मग हट्टालाच पेटला. हेमाने पदर खोचून असा टोला हाणला, की ती विटी अजून त्या खजुराच्या बागेत सापडलेली नाही. आणि अस्मी? ती माळाच्या मधोमध उभी राहून अरबाबांशी भांडत होती. "नो नो, अंकल, यू मेझर इट विथ द गन! आस्क माय फादर! ही नोज!"

माय फादर, ही नोज. उपेंद्रने ते ऐकलं, सुरई दुसऱ्या काखेत घेतली आणि उगाचच चष्मा पुसला.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा पेठे लिफ्टपाशीच उभे होते. त्यांनी सुरईकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं, आणि मिशीत हसत विचारलं, "काय वाघधरे, घोडा पळाला का?"

उपेंद्रने तोंड उघडलं, पण अस्मी त्याच्या पुढे झाली.

"अंकल, यू शुड हॅव सीन! टू हंड्रेड मीटर्स! वन शॉट! अँड द रॅबिट वॉज रनिंग!"

"पळत होता?" पेठे म्हणाले. "लाकडी ना गं ससा?"

"सो व्हॉट?" अस्मी म्हणाली. "इट वॉज व्हेरी विंडी."

उपेंद्र लेकीकडे बघत राहिला. मग त्याने बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि अतिशय नम्रपणे म्हणाला,

"नाही हो पेठे, पोरगी वाढवून सांगते. दीडशेच्या वर नसेल."